तुमच्याकडे 'फिटर' कोणाला म्हणतात?

माळ्यावरची_पेटी
काल माळा आवरायला काढला आणि बाबांची हिरवी पत्र्याची पेटी खाली आली. चार कानशी, काटकोन बघायचा गुण्या, पोगर, फडक्यात गुंडाळलेला माप घ्यायचा व्हर्नियर. फडक्याला अजून तेलाचा वास आहे. तळाशी शाळेतला पांढरा खडू, अर्धा झिजलेला, तो कशाला ठेवला होता कळलं नाही. बाबा फिटर होते, भोसरीत एका कंपनीत 31 वर्षं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय फिटर लिहिलं की बाई विचारायच्या, म्हणजे नळ बसवतात का गं? मी नाही म्हणायचे पण पुढे काय सांगायचं ते सुचायचं नाही. मग एकदा बाबांनाच विचारलं तर म्हणाले, टर्नर गोल करून देतो, वेल्डर जोडून देतो, मी एकात एक बसवतो, आणि बसत नसेल तर बसेपर्यंत घासतो. तेव्हा मी दहा वर्षांची, एवढंच लक्षात राहिलं. आता विचारायला ते नाहीत. तुमच्या घरात, गावात फिटर म्हणजे कोण? लिहा ना, वाचायचंय मला.

गव्हाण
आमच्याकडे साखर कारखाना त्यामुळे फिटर म्हणजे मिलवरचा फिटर, दुसरा अर्थच नाही. गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे सीझन सुरू झाला, की चुलते घरातून गायब, पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की मग दिसणार. आम्हाला वाटायचं आता सुट्टी, पण खरं काम तेव्हाच सुरू, ऑफ सीझनला सगळे रोलर उघडायचे, बेअरिंग बघायचे, परत बसवायचे. सीझनमध्ये मिल थांबली की रात्री दोनला सुद्धा सायकलवर माणूस दारात, 'फिटर आहेत का'. नावाने कोणी हाक मारलीच नाही त्यांना. काकूला पण गावात फिटरबाई म्हणायचे.

दुष्काळी_भाग
आमच्या गावात वेगळंच. इंजिन बंद, फिटरला बोलवा. मोटर पाणी खेचत नाही, फिटरला बोलवा. एम एटी गाडी स्टार्ट होत नाही तरी फिटर. आयटीआय वगैरे काही नाही, एका मामांकडे राहून शिकलेला माणूस. इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा नोझल गेलाय का वॉशर. आता सगळीकडे सबमर्सिबल झाल्या, बोअरमधून मोटर काढायला कप्पी लावून गाडी येते, तिच्यावरच्या पोरांना मात्र कोणी फिटर म्हणत नाही.

ब्लाउजपीस
फिटर नाही पण फिटिंग म्हटलं की मला आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या मावशीच आठवतात. बाहीला फिटिंग हवी का सैल एवढंच विचारायच्या, माप न घेता नुसतं बघून. आता त्यांच्यासारखं कोणी शिवत नाही हो. पुण्यात कोथरूड साइडला कोणी चांगलं माहीत आहे का?

कानस_आणि_कष्ट
मी स्वतः फिटर, आयटीआयची दोन वर्षं. पहिले कित्येक महिने फक्त कानस. हातात एमएस फ्लॅटचा, म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडा, त्याला आम्ही जॉब म्हणायचो, तो व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासा. सर बोलायचे नाहीत, नुसता गुण्या लावून परत द्यायचे. हाताला फोड आले की आई हळद लावायची. एक गंमत सांगतो, एका भरड कानशीचं नावच बास्टर्ड. घरी जेवताना भावाला सांगत होतो आज सरांनी बास्टर्ड दिली मला, आजोबांनी ताट बाजूला सारलं हाहाहा, त्यांना वाटलं सरांनी शिवी दिली. ते इंग्रजी शाळेत शिकलेले होते ना.

ब्लाउजपीस
अगं आजोबा!! हसून हसून पुरेवाट

खाडीपार
पाइप फिटर आणि फिटर यात फरक आहे बरं का, आखातात जायचं तर पासपोर्टपेक्षा ट्रेड टेस्टची धास्ती जास्त. मुंबईला टेस्ट, हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग देतात, पाइप कापा, एल्बो लावा, पाइपच्या टोकाला फ्लँज, म्हणजे भोकांची चकती, वेल्डिंगचा टॅक मारून दाखवा. फ्लँजची भोकं लेव्हलला नाही आली की एजंट म्हणतो पुढच्या वेळी. मी दुसऱ्यांदा पास झालो. तिकडे सगळं मिलिमीटरमध्ये आणि माझ्या डोक्यात सूत, आठ सूत म्हणजे इंच, सहा महिने मनात हिशोब करूनच बोलायचो. 9 वर्षं केलं. बहिणीचं लग्न, बापाचं सोसायटीचं कर्ज, सगळं फिटलं त्यात.

शब्दवेडी
खाडीपार दादा, तुम्ही 'फिटलं' लिहिलंत आणि मी थांबलेच. कर्ज फिटणं, डोळ्याचं पारणं फिटणं, हे आपलं जुनं मराठी फिटणं, इंग्रजी फिटशी काही नातं नाही त्याचं, आणि अर्थही उलटा, एक सुटतं आणि एक बसतं. फिटरच्या पगारात घरोघरी किती फिटलंय.

खाडीपार
हे कधी लक्षात नाही आलं ताई. बापाला वाचून दाखवतो.

भुसावळ_शेड
रेल्वेत आता फिटर म्हणत नाहीत, टेक्निशियन म्हणतात, ग्रेड थ्री, टू, वन. शेडमध्ये मात्र आम्ही फिटरच. लग्नाच्या वेळी मध्यस्थांनी माझ्या बायोडाटावर फिटर खोडून टेक्निशियन लिहिलं, म्हणाले स्थळं येतील. मला फार लागलं ते. बघायला गेलो तर मुलीच्या वडिलांनी विचारलं टेक्निशियन म्हणजे काय करता, मी सांगितलं फिटर आहे, तर ते उठून आत गेले. मला वाटलं संपलं. ते बारीक माप घ्यायचा स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन बाहेर आले, टूलरूममध्ये होते ते. दोन तास आम्ही दोघंच बोलत बसलो. 14 वर्षं झाली लग्नाला.

माळ्यावरची_पेटी
भुसावळ दादा, डोळ्यात पाणी आलं

एकटी_बाकावर
आमच्या बॅचला 19 मुलं आणि मी. ट्रेड कोणता सांगितलं की लोक म्हणायचे फिटर?? शिवण का नाही घेतलं. एकदा मेल फिमेलचा जॉब होता, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, उलटे करून पण बसले पाहिजेत. माझा दोन्ही बाजूंनी बसला. आता चाकणला असेंब्लीवर आहे. आईने शेजारणीला काय सांगावं, 'आमची पोरगी फिटर आहे, गाड्या बसवते'. आई एवढं मोठ्याने कधी बोलत नाही.

गव्हाण
शाब्बास ताई

ब्लाउजपीस
जेवून आले तर एवढे प्रतिसाद! एकटी, तू भेट एकदा, माझ्या लेकीला सांग सगळं, ती दहावीला आहे.

माळ्यावरची_पेटी
सगळ्यांचं वाचतेय. एक विचारायचं होतं, कानशी गंजल्यात, तेल लावून ठेवू का?

कानस_आणि_कष्ट
नको नको, तेल अजिबात नको, कानस जॉबवरून घसरते मग. आधी तारेच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने झाडा. गंज जास्त असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी धुऊन लगेच कोरड्या करा. कोरड्या झाल्या की खडू चोळा, म्हणजे लोखंडाचा कीस दात्यात अडकत नाही, जॉबवर ओरखडे येत नाहीत. आमच्या सगळ्यांच्या पेटीत खडू असायचाच.

माळ्यावरची_पेटी
खडू! अहो तोच तो. मी कचऱ्यात टाकला होता काल. थांबा, गाडी यायची आहे अजून, बघते.

माळ्यावरची_पेटी
सापडला.