धाब्यावर येऊन थांबणारा छंदाचा ड्रोन : हरकत कशी घ्यावी?

प्रश्न – यावल तालुक्यातील गृहिणी

आमच्या गावात उन्हाळा लागला की निम्मा संसार धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जातो. दिवसा पापड, कुरडया, बिबड्या वाळत घालायच्या आणि रात्री तिथेच अंथरूण टाकायचे, ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. गल्लीतील एक तरुण दोन महिन्यांपासून छंद म्हणून छोटा ड्रोन उडवतो. एका सकाळी माझ्या जाऊबाई न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या, तेव्हा तो ड्रोन कठड्यापलीकडे, पुरुषभर उंचीवर येऊन थांबला. जाऊबाई पदर सावरत जिन्यात येऊन बसल्या आणि घरघर थांबेपर्यंत वर गेल्या नाहीत. त्याच्या वाऱ्याने अर्धवट वाळलेले पापड उडून शेजारच्या पत्र्यावर पडले. पापडांचे काही नाही, पण त्या दिवसापासून जाऊबाई केस वाळवायला वर जात नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणींचे चित्रीकरण त्याने वरून केले आणि गाणे लावून इन्स्टाग्रामवर टाकले. त्यात माझ्या भाचीचा चेहरा स्पष्ट दिसतो. तिला ते सासरी गेल्यावर, दुसऱ्याच्या मोबाइलवर समजले. मुलाला विचारले तर तो म्हणतो की ड्रोन पाव किलोपेक्षा हलका आहे, त्यामुळे परवाना लागत नाही. हे खरे आहे का? पुढच्या ग्रामसभेत गावात ड्रोनच नको असा ठराव मांडण्याची तयारी चालू आहे. तो मांडावा की दुसरा काही मार्ग आहे?

उत्तर – धुळ्याचा ड्रोनचालक

ताई, मी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेला चालक आहे, आणि तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत जे घडले ते वाचून मला वाईट वाटले. त्या मुलाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो आणि तो उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन केवळ छंदासाठी उडवला तरी ते लागत नाही. तोच लग्नाच्या चित्रीकरणासाठी पैसे घेऊन उडवला, तर मात्र लागते. परंतु प्रमाणपत्राची सूट म्हणजे सगळ्याच नियमांतून सूट नव्हे. ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावरचा लाल पट्टा, म्हणजे परवानगीशिवाय उडवण्यास बंदी असलेला भाग, नॅनोलाही पाळावा लागतो, आणि परवानगी न लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यातही मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे सुमारे १२० मीटरची आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत हीच मर्यादा २०० फुटांवर येते. आपल्याकडे जळगावला विमानतळ आहे, शिरपूरला धावपट्टी आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुधनिर्माणी आहेत. त्यामुळे उडवण्याआधी नकाशा न पाहणाऱ्याला मी तरी चालक म्हणणार नाही.

नियमांत न दिसणारी एक गोष्ट सांगतो. साधारण रुंद भिंगाचा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहतो तेव्हा चौकटीत सुमारे १५० मीटर रुंदीची जमीन मावते, आणि माणसाचा चेहरा चित्रातल्या चार-पाच ठिपक्यांचा (पिक्सेलचा) उरतो. तो कोणाचा आहे हे कळत नाही. तोच ड्रोन १० मीटरवर आणला की चेहरा चाळीसेक ठिपक्यांचा होतो आणि ओळखीच्या माणसाला तो सहज ओळखता येतो. नियम अधिक उंच जाऊ नये म्हणून आहेत. तुम्हाला त्रास देणारी गोष्ट खाली येण्याची आहे, आणि माझ्या मते तिथेच नियम अपुरे पडतात.

सुरक्षेचेही तसेच आहे. बॅटरी संपत आली की हे यंत्र उड्डाणाच्या जागी परतू पाहते, पण वाटेत विजेची तार किंवा निंबाची फांदी आली तर छोट्या ड्रोनला ती दिसेलच असे नाही. झोक्याभोवती जमलेल्या बायका-मुलांच्या डोक्यावरून ते फिरवणे चूक आहे, मग वजन कितीही असो. नॅनोला विम्याची सक्ती नाही, म्हणजे कोणाला इजा झाली तर भरपाईसाठी त्या मुलाच्या घरच्यांकडेच पाहावे लागेल.

उत्तर – जळगाव येथील वकील

ताई, कायद्याची बाजू मांडते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, परंतु शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारीला नेमके कलम लागते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ हे स्त्रीच्या अत्यंत खाजगी क्षणांच्या चित्रीकरणाबाबत आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई शरीराच्या खाजगी अवयवांपुरते आहे. धाब्यावर केस वाळवणारी बाई यांपैकी कशातही सहजासहजी बसत नाही. तुमच्या कामाचे कलम ७९ आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या उद्देशाने तिच्या खाजगीपणावर अतिक्रमण करणे हा त्याखाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्यात उद्देश सिद्ध करावा लागतो. म्हणून त्याला एकदा स्पष्टपणे, शक्यतो लेखी, सांगा की आमच्या धाब्यावर येऊ नकोस. त्यानंतरही तो आला तर नकळत घडले असे त्याला म्हणता येणार नाही. दिवस, वेळ आणि कोणी पाहिले हे वहीत टिपून ठेवा.

ग्रामसभेच्या ठरावाने आकाश बंद करता येत नाही. आखाजी किंवा यात्रेसारख्या प्रसंगी खरोखर तातडीची गरज असेल, तर पोलीस अधीक्षक किंवा त्याच दर्जाचा अधिकारी एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल पट्टा म्हणून घोषित करू शकतो. ग्रामपंचायतीने त्यासाठी पोलिसांकडे आगाऊ अर्ज करणे योग्य ठरेल.

आणि कृपा करून कोणी गोफण हातात घेऊ नये. ड्रोन पाडला तर नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर येईल, आणि फिरत्या पात्यांचे यंत्र कोणाच्या अंगावर पडेल हे सांगता येत नाही.

उत्तर – साक्री तालुक्यातील निवृत्त शिक्षक

सरसकट बंदीच्या ठरावाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण ताईंच्या प्रश्नाहून वेगळे आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि पुणे जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन फिरतात आणि त्यामागून चोर येतात, अशी भीती पसरली होती. लोक काठ्या घेऊन रात्रभर जागत होते. आमच्या तालुक्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्या गावाचे नाव निघाले की आजही माझी मान खाली जाते. म्हणून ड्रोनविषयी ग्रामसभेत बोलताना घडले तेवढेच बोलावे: अमुक दिवशी, अमुक धाब्यावर, अमुक मुलाचा ड्रोन. ‘गावावर ड्रोन फिरतात’ असे मोघम वाक्य इतिवृत्तात गेले, तर उद्या रात्री वाट चुकून आलेल्या अनोळखी माणसाला त्याची किंमत मोजावी लागेल.

उत्तर – रावेरचा केळी उत्पादक

गुरुजींशी मी सहमत आहे. केळीचा बाग डोक्यावर गेला की पाठीवरच्या पंपाने करपा रोगावरची फवारणी नीट होत नाही. ड्रोनने ती वरून होते आणि औषध मजुराच्या अंगावर पडत नाही. वादळात बाग आडवा झाला की वरून काढलेले फोटो पंचनाम्याच्या वेळी हाताशी राहतात. ठरावात शेतातला ड्रोन आणि घरावरचा ड्रोन वेगळा धरावा. मी स्वतः फवारणीच्या आदल्या दिवशी बांधालगतच्या सगळ्यांना सांगून येतो, कारण औषध वाऱ्याने त्यांच्या शेतात किंवा विहिरीवर जाऊ शकते. फवारणीवाल्याने सांगून यावे, आणि छंदवाल्याने मात्र लोकांच्या घरावर न विचारता जावे, हे मला पटत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सासरे आणि मी त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. त्याची आई आमच्यासमोर रडली. तिला यातले काहीच माहीत नव्हते. त्याने मोबाइलमधील सगळी चित्रफीत दाखवली. त्यात आमच्या धाब्याचे अकरा तुकडे होते, आणि तीनमध्ये जाऊबाई होत्या. ते त्याने आमच्यासमोर पुसले, आणि वस्तीवर उडवायचे असेल तर आधी घरोघर विचारीन असे वहीत लिहून सही केली. नोंदणी क्रमांक त्याने घेतलेला नव्हता; तो मिळेपर्यंत यंत्र त्याच्या वडिलांनी कपाटात ठेवले आहे. ग्रामसभेत बंदीऐवजी आखाजीच्या दिवसांसाठी पोलिसांना अर्ज देण्याचा विषय मी मांडणार आहे, आणि फवारणीचे ड्रोन त्यातून वगळण्याची सूचनाही करणार आहे.

झोक्याची चित्रफीत त्याने त्याच्या खात्यावरून काढली, पण तोपर्यंत ती दुसऱ्या दोन खात्यांनी उचलली होती. त्यांतील एकाने संदेशाला उत्तर देऊन ती काढली. दुसऱ्यावर ती अजून आहे. भाचीने तिथे स्वतःच्या नावाने तक्रार नोंदवली आहे आणि ती रोज संध्याकाळी उघडून पाहते.