ब्रिटनमधला शेफ: कॉलेजातला की मोरीतला?

वरणफळ, लेस्टर (धागाकर्ता)

ताईच्या मुलाने यंदा जीसीएसई (इथली दहावी) दिली. मार्क बरे पडतील, पण त्याला ए-लेव्हल (इथली बारावी) नको, शेफ व्हायचंय. शनिवार-रविवार एका पबच्या किचनमध्ये भांडी घासतो. तिथल्या सू शेफने (मुख्य शेफच्या खालोखालचा) हातात सुरी दिल्यापासून स्वारी हवेत आहे. ताई-भाऊजींचं म्हणणं, आधी डिग्री घे, मग खुशाल कांदे चिरत बस.

माझं मत उलटं (शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय). या देशात शेफ मोरीपासून वर चढतो. मार्को पिअर व्हाइट लीड्सचा. एकही प्रमाणपत्र न घेता शाळा सोडली, हॅरोगेटच्या एका हॉटेलात लागला, तिथून इल्क्लीचं बॉक्स ट्री रेस्टॉरंट, मग लंडनला आल्बेर रू यांच्या ल गाव्रोशमध्ये. ३३व्या वर्षी तीन मिशेलिन स्टार (रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, तीन म्हणजे सर्वोच्च), आणि ते मिळवणारा पहिला ब्रिटिश शेफ. क्लेअर स्मिथ उत्तर आयर्लंडच्या शेतावर वाढलेली. १६व्या वर्षी घर सोडून इंग्लंडात आली. २०१७ला लंडनमध्ये स्वतःचं 'कोर' रेस्टॉरंट काढलं, २०२१ला तीन स्टार.

डिग्रीवाला एकविसाव्या वर्षी कॉमी (सगळ्यात खालचा शेफ) म्हणून उभा राहील, तेव्हा आमचं पोरगं किचनचा एखादा सेक्शन सांभाळत असेल. चुकतोय का मी?

साळसूद_सुरी

चुकताय. क्लेअर स्मिथ सोळाव्या वर्षी आली ती पोर्ट्समथला केटरिंग शिकायला! तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं. गॉर्डन रॅमझीने हॉटेल मॅनेजमेंट केलं नॉर्थ ऑक्सफर्डशरच्या टेक्निकल कॉलेजात. जेमी ऑलिव्हर वेस्टमिन्स्टरच्या केटरिंग कॉलेजचा. तिथे १९१० पासून स्वयंपाक शिकवतात.

मी कॉलेज करून आले म्हणून सांगते. हॉलंडेज (अंडं-लोण्याचा सॉस) का फुटतं, हे कॉलेजात चार वेळा फोडून कळतं. किचनमध्ये एकदा फुटलं की ओरडा खायचा आणि नवीन करायला घ्यायचं. शुक्रवारी रात्री शंभर ताटं निघत असताना 'का' सांगायला वेळ कोणाकडे असतो? एका ठिकाणी एक मुलगा पाहिला, दीड वर्ष नुसता गार्निशवर. ताटावर हिरवी पानं लावण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, पण अख्ख्या कोंबडीचे नीट तुकडे करता येत नव्हते.

मोरीकर

दोघेही स्टारवाल्यांचीच नावं घेताय. मी नऊ वर्षं किचनमध्ये काढली, केपी (किचन पोर्टर, म्हणजे भांडी घासणारा) म्हणून सुरुवात, शेवटी सू शेफ. पहिल्याच दिवशी एक कागद पुढे आला: आठवड्याला ४८ तासांची कायदेशीर मर्यादा मला लागू नको, यावर सही. करतात सगळेच. पगार वर्षाचा ठरलेला, तास मात्र मोजायचे नाहीत. मी एकदा मोजले, परत त्या वाटेला गेलो नाही. वर 'स्टाज' नावाचा प्रकार: मोठ्या किचनमध्ये आठवडाभर फुकट राबायचं, कारण त्या किचनचं नाव बायोडेटावर येतं.

एकोणतिसाव्या वर्षी कंबर गेली. आज एका शाळेच्या किचनचा मुख्य आहे. सकाळी सात ते दुपारी तीन, शनिवार-रविवार घरी, उन्हाळ्यात सुट्टी. जुने सहकारी कुठे गेले? एक इस्पितळाच्या किचनमध्ये, एक वृद्धाश्रमात, एक सुपरमार्केटसाठी तयार जेवणं बसवतो. त्याला डेव्हलपमेंट शेफ म्हणतात आणि तो आमच्यात सगळ्यात जास्त कमावतो. हेही शेफच ना? पण टीव्हीवर हे दिसत नाही, म्हणून मामालोकांना माहीत नसतं.

पितळी_डबा

कॉलेज की मोरी, हा वादच मला अपुरा वाटतो. हेस्टन ब्लुमेन्थल बहुतांशी स्वतःच शिकला. १९९५ला ब्रे गावात फॅट डक रेस्टॉरंट काढलं, २००४ला तिसरा स्टार. लंडनच्या सेंट जॉन रेस्टॉरंटचे फर्गस हेंडरसन आर्किटेक्चर शिकलेले. नावाजलेली शेफ अँजेला हार्टनेट इतिहासाची पदवीधर. रोझ ग्रे आणि रुथ रॉजर्स यांनी १९८७ला रिव्हर कॅफे सुरू केलं, दोघींपैकी कोणीच केटरिंग शिकलेलं नव्हतं. त्यामुळे ताईंचं 'आधी डिग्री' काही अगदीच टाकाऊ नाही.

वरणफळ

@पितळी_डबा, हेस्टन एखादाच होतो हो. त्याच्यासारखे स्वतःच शिकून दिवाळं काढलेले किती, त्यांची यादी कोण ठेवतो? आणि त्याच रिव्हर कॅफेत जेमी ऑलिव्हर राबत होता, कॉलेज करून आलेला.

@साळसूद_सुरी, क्लेअर स्मिथचा मुद्दा मान्य, कान पकडतो. पण ती डिग्रीला नव्हती गेली ना.

सोनचाफा

हिशेब कोणी मांडत नाहीये, मीच मांडते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करणाऱ्याला तासाला किमान ७.५५ पौंड होते, २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराला १२.२१. घरी आईच्या हातचं खाऊन लेस्टरमध्ये हे जमेल. लंडनमध्ये खोलीचं भाडंही निघणार नाही. मोठी किचनं लंडनमध्ये आणि उमेदवारीचा पगार हा असा. मोरीपासून चढलेल्यांच्या कथा ऐकताना मी पहिलं हेच विचारते, तेव्हा राहायला कुठे होतात?

बाकी ए-लेव्हल नको म्हणून घरात रडारड कशाला? इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण हवं, त्यात उमेदवारी चालते. चार दिवस किचन, एक दिवस कॉलेज, असं बऱ्याच ठिकाणी मिळतं. तुमचं भांडण तिथेच मिटतंय.

साळसूद_सुरी

+१. मी हेच लिहायला आले होते.

मोरीकर

कागदावर मिटतंय. डिसेंबरच्या गर्दीत तो कॉलेजचा दिवस कसा गायब होतो, ते मी पाहिलंय. पोराने तेव्हा 'नाही' म्हणायला हवं आणि सतराव्या वर्षी शेफला 'नाही' म्हणणं सोपं नसतं.

पुणेरी_पोळी

विषयांतराबद्दल क्षमस्व. माझा मुलगा इथे हॉटेल मॅनेजमेंट करतोय. तिकडे उमेदवारीला येता येईल का?

सोनचाफा

अवघड आहे ताई. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कामाची पातळी पदवीची झाली, शेफचं काम त्यातून बाहेर पडलं. शेफ विनीत भाटिया १९९३ला मुंबईहून आले, २००१ला त्यांना मिशेलिन स्टार मिळाला. ती वाट आज नव्याने येणाऱ्याला मिळायची नाही.

साळसूद_सुरी

मामा, एक काम करा. त्या पबमध्येच उमेदवारी द्यायचा विचार असेल तर आधी बघून या, स्टॉक (सूप-ग्रेव्हीचं मूळ पाणी) हाडं उकळून करतात की बाहेरून येतो. मासा अख्खा येतो की कापून? पाकिटं फोडायला शिकण्यात दोन वर्षं घालवू नका.

वरणफळ

भाच्यालाच विचारलं. ग्रेव्ही डब्यातली पूड. यॉर्कशर पुडिंग गोठवलेली, खोक्यातून. मासा कापून, वर पीठ लावून येतो.

'मग तू सुरीने काय कापतोस?' म्हटलं.

'लिंबू.'