मदत हवी आहे: वॅफचे रूल ग्रुप कन्सोलमध्ये दिसतात, स्क्रिप्टला सापडत नाहीत

घाईतला_गणू
कोणी जागं आहे का? बोटो३ (एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची पायथन लायब्ररी) मधून वॅफचे, म्हणजे तिथल्या वेब फायरवॉलचे, रूल ग्रुप (नियमांचे गट) काढायचेत. लिस्ट_रूल_ग्रुप्स मारतोय, यादी रिकामी येते. एरर नाही, काही नाही. कन्सोलमध्ये वेब एसीएल (साईटला लावलेली नियमांची यादी) उघडलं की ढळढळीत ५ ग्रुप दिसतात. परमिशन दोनदा तपासल्या. सकाळी ऑडिटवाल्यांना एक्सेल द्यायचंय. कोड ४ ओळींचा आहे म्हणून टाकत नाही. लवकर सांगा.

रात्रपाळी
४ ओळींचाच होता तर टाकायला काय झालं? क्लायंट कोणता, स्कोप काय, रीजन कुठलं?

जुनं_खोड
पैज लावतो, क्लायंटमध्ये नुसतं 'वॅफ' लिहिलं असणार. ती वॅफ क्लासिकची, म्हणजे जुन्या आवृत्तीची वाट. वॅफव्ही२ नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं, तरी लोक जुनी उदाहरणं चिकटवतात. क्लासिकचा सपोर्टही ३० सप्टेंबर २०२५ ला संपला.

घाईतला_गणू
वॅफव्ही२च आहे हो काका. स्कोप रीजनल. रीजन मुंबई, अजून कुठलं असणार?

टेराफॉर्म_वारकरी
कन्सोलमध्ये हाताने कारभार केला की ही वेळ येते. सगळं टेराफॉर्ममध्ये, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं असतं तर स्टेट फाईल उघडून यादी २ मिनिटांत झाली असती.

रात्रपाळी
त्याला यादी हवीय, दीक्षा नकोय.

टेराफॉर्म_वारकरी
आज यादी मिळेल. पुढच्या ऑडिटला परत इथेच येईल, बघा.

बीकॉम_पास
अवांतर: हे शिकून पुण्यात फ्रेशरला नोकरी लागते का?

रात्रपाळी
वेगळा धागा काढ रे बाबा.
गणू, साईट क्लाउडफ्रंटच्या (एडब्ल्यूएसचे जगभरचे कॅश सर्व्हर) मागे आहे का? असेल तर स्कोप क्लाउडफ्रंट लागतो आणि क्लायंट यूएस-ईस्ट-१ चा, म्हणजे उत्तर व्हर्जिनियाचा. मुंबईच्या क्लायंटला क्लाउडफ्रंट स्कोप दिलास तर तो निदान एरर तरी देईल. तू रीजनल विचारलंस, त्याने मुंबईत पाहिलं, तिथे काही नाही, म्हणून इमानदारीत रिकामी यादी दिली.

घाईतला_गणू
हो, क्लाउडफ्रंटच आहे. ते सांगायचं राहिलं. बदलून बघतो.

घाईतला_गणू
१ आला! बाकीचे ४ कुठे गेले?

जुनं_खोड
नेक्स्टमार्कर, म्हणजे यादीच्या पुढच्या पानाची खूण. तो येत असेल तर पुढच्या कॉलला परत द्यायचा, येईनासा होईपर्यंत. मी एकदा हे विसरलो आणि आयपी सेटचा अर्धाच रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला होता.

रात्रपाळी
काका, एका कॉलला १०० पर्यंत मागता येतात. ५ ग्रुपांना पानं कशाला लागतील?

जुनं_खोड
आज ५ आहेत. लूप आत्ताच लिहून ठेवला तर बोटं झिजत नाहीत.

कढीपत्ता
दोघेही बरोबर, पण दुखणं वेगळं आहे. त्या ४ जणांची नावं 'एडब्ल्यूएसमॅनेज्डरूल्स'ने सुरू होतात का?

घाईतला_गणू
हो! कॉमनरूलसेट, एसक्यूएलआय, नोनबॅडइनपुट्स आणि आयपी रेप्युटेशनवाला.

कढीपत्ता
मग ते तुझे नाहीतच. लिस्ट_रूल_ग्रुप्स फक्त तुमच्या खात्यात तुम्ही बनवलेले ग्रुप देतं. ते ४ एडब्ल्यूएसचे, तुमच्या एसीएलमध्ये नुसता त्यांचा उल्लेख असतो. गेट_वेब_एसीएल मार आणि रूल्समधलं प्रत्येक स्टेटमेंट बघ. मॅनेज्डरूलग्रुपस्टेटमेंट असेल तर व्हेंडरनेम आणि नेम उचल, ते डिस्क्राइब_मॅनेज्ड_रूल_ग्रुपला दे. आतल्या रूलची नावं, ॲक्शन आणि कपॅसिटी मिळेल. कॉमनरूलसेट एकटाच ७०० कपॅसिटी युनिट खातो. रूल आतून नेमकं काय तपासतो ते मात्र हा कॉल देत नाही, तिथे डोकं फोडू नकोस. रूलग्रुपरेफरन्सस्टेटमेंट दिसलं तर तो तुमचा स्वतःचा. त्याचा एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) गेट_रूल_ग्रुपला द्यायचा.
आणि ओव्हरराइडचा (रूलची मूळ ॲक्शन तुम्ही बदलली असेल त्याचा) रकाना एक्सेलमध्ये नक्की ठेव. ऑडिटवाले पहिला प्रश्न 'काउंटवर (अडवायचं नाही, नुसतं मोजायचं) काय काय टाकलंय' हाच विचारतात. आमच्याकडे साइझरिस्ट्रिक्शन्स_बॉडी काउंटवर टाकावा लागला होता. एरवी तो ८ केबीच्या वरची बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) अडवतो, त्यामुळे ग्राहकांचे फोटोच चढत नव्हते.

मुक्तस्रोत_मावळा
वॅफवर पैसे घालवण्यापेक्षा एनजिनएक्स वेब सर्व्हरमध्ये मॉडसिक्युरिटी ही मुक्तस्रोत फायरवॉल बसवा. फुकट आहे. कॉन्फिग हवी असेल तर देतो.

टेराफॉर्म_वारकरी
फुकट? खोट्या अलार्मांमागे रात्र रात्र धावायचे तासही धरा की हिशेबात.

मुक्तस्रोत_मावळा
ज्याला ट्यूनिंग येत नाही तो धावतो.

घाईतला_गणू
कढीपत्ता, साष्टांग नमस्कार. पाचही आले, एक्सेल झालं. आमचाही तोच बॉडीवाला रूल काउंटवर निघाला. कोणी केला म्हणून क्लाउडट्रेलमध्ये (कोणी काय बदललं त्याची नोंदवही) अपडेटवेबएसीएल शोधलं. २ महिन्यांपूर्वी, शुक्रवारी रात्री ११ वाजता, मीच.

जुनं_खोड
लूप घातलास का?

मुक्तस्रोत_मावळा
कॉन्फिग कोणाला हवी होती?