'आधी नकाशा साफ करा, मग कथा' हा सल्ला नवख्यांना देणं थांबवा

वाटसरू
'विचर ३' हा गेम नुकताच विकत घेतलेल्या एकाला परवा रानवाटा यांनी दुसऱ्या धाग्यावर सल्ला दिला: "मुख्य कथा हे निमित्त आहे. प्रत्येक भागातली नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं आणि साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामं) आधी संपवा, मग सिरीला (नायकाच्या मानसकन्येला) शोधायला निघा. ब्लडी बॅरनसारख्या साइड क्वेस्ट हाच खरा गेम." माझं उत्तर लांबणार होतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ब्लडी बॅरन ही साइड क्वेस्ट नाहीच. 'फॅमिली मॅटर्स' ही मुख्य कथेतली क्वेस्ट आहे. बॅरनचं काम केल्याशिवाय वेलेन या भागातला सिरीचा माग पूर्ण कळत नाही. ज्या उदाहरणावर सगळा सल्ला उभा आहे तेच उलट्या बाजूचं निघालं.

आता एक्सपीचं (ज्यांवर लेव्हल वाढते त्या अनुभवाच्या गुणांचं) बघा. 'फॅमिली मॅटर्स'ची सुचवलेली लेव्हल ६. स्केलिगेला जाण्याची १६. आइल ऑफ मिस्ट्सची २२. एखादी क्वेस्ट तुमच्यापेक्षा सहा लेव्हल खाली गेली की यादीत राखाडी दिसायला लागते आणि एक्सपी नावापुरता मिळतो. वेलेन आणि नोव्हिग्राड कानाकोपऱ्यासकट झाडून काढणाऱ्याच्या हातात पुढची कथा राखाडीच पडते. ड्राउनर हे पाणराक्षस दोन वारांत मरतात, तलवारीला तेल लावावं लागत नाही, पोशन प्यावं लागत नाही, क्वेन या जादूची ढालही लागत नाही. अल्केमीची (तेलं-पोशन बनवण्याची) अख्खी बाजू फुकट जाते. मग तोच माणूस येऊन लिहितो की लढाया कंटाळवाण्या आहेत. कंटाळवाण्या लढायांचं कारण तुमचा सल्ला आहे, गेम नाही.

रानवाटा
बॅरन मुख्य कथेत मोडतो, ठीक आहे. पण तो लोकांना साइड क्वेस्ट का वाटतो याचा विचार करा. त्या कथेत सिरी जेमतेम येते. बाकी सगळं एका मोडलेल्या घराचं आहे: दारू, मारहाण, पळून गेलेली बायको, दुरावलेली मुलगी. मुख्य कथा साइड क्वेस्टसारखी लिहिली तेव्हाच ती लक्षात राहिली. वाइल्ड हंटचे सांगाडेवाले घोडेस्वार कुणाला आठवतात?

एक्सपीचा बाऊ तर करूच नका. प्लेस ऑफ पॉवरला (शक्तीच्या शिळेला) पहिल्यांदा हात लावला की एक स्किल पॉइंट मिळतो, आणि ती ठिकाणं फिरल्याशिवाय सापडत नाहीत. विचर गिअरचे (खास चिलखत-तलवारींचे) नकाशे फिरल्याशिवाय मिळत नाहीत. ग्रिफिन, कॅट, बेअर, जो सेट हवा त्यासाठी पडकी घरं आणि गुहा धुंडाळाव्याच लागतात. राहिला सोप्या लढायांचा प्रश्न, तर २०१६ साली 'ब्लड अँड वाइन' या विस्ताराच्या वेळेस शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढवण्याचा पर्याय आला. सेटिंगमध्ये जा, चालू करा, विषय संपला.

जुनी_फ्लॉपी
दोघंही लेव्हलवर भांडताय, मूळ दुखणं वेगळं आहे. कथा म्हणते "घाई कर" आणि गेम म्हणतो "सावकाश". यातलं एक खोटं आहे, आणि खेळणाऱ्याला ते पहिल्या तासात कळतं.

१९९७ च्या 'फॉलआउट'ने हे खरं करून दाखवलं होतं. व्हॉल्ट १३ या भूमिगत आसऱ्याची पाण्याची चिप आणायला १५० दिवस. नकाशावर चालण्यातही दिवस जातात, त्यामुळे वाकडी वाट धरायची तर किंमत मोजावी लागते. हबमधल्या पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टकडे पाणी पाठवलं की आणखी १०० दिवस मिळतात, पण त्या तांड्यांमुळे म्युटंटना व्हॉल्टचा पत्ता लवकर लागतो. साइड क्वेस्ट घेताना मनात हिशेब चालतो. हाच तोल.

'मोरोविंड'ने (२००२) उलट्या वाटेने तेच साधलं. बालमोरा शहरात केयस कोसाडेस या हेराला पाकीट द्यायचं. तो हातावर २०० नाणी ठेवतो आणि म्हणतो की तू अजून कच्चा आहेस, एखाद्या गिल्डमध्ये शिर, लोकांना दिसेल असा कामधंदा कर, अनुभव घेऊन ये. मुख्य कथाच तुम्हाला साइड क्वेस्ट करायला पाठवते! घाईचा आव नाही, म्हणून खोटेपणाही नाही.

रानवाटा
टायमर नको म्हणजे नको. 'फॉलआउट'मध्ये चिप आणल्यावरही म्युटंटांच्या हल्ल्याची दुसरी मुदत होती. लोक इतके वैतागले की पॅचमध्ये ती काढल्यासारखीच केली, आता १३ वर्षांची मर्यादा आहे. करणाऱ्यांनीच माघार घेतलेली गोष्ट तुम्ही आदर्श म्हणून कशी सांगता? ऑफिस करून रात्री दीड तास खेळणाऱ्याला घड्याळ दाखवू नका.

जुनी_फ्लॉपी
दुसरी मुदत काढली, पहिली तशीच ठेवली. १५० दिवस आजही आहेत. अर्धवट माहितीवर ठोकून देऊ नका.

खाचखळगे
वर "सेटिंगमध्ये जा, चालू करा, विषय संपला" असं लिहिलंय. विषय तिथे संपत नाही, तिथे बिघडतो. लेव्हल स्केलिंग (शत्रू तुमच्या लेव्हलनुसार वाढणं) हा साइड क्वेस्टच्या मुळावर आलेला रोग आहे. मी अवांतर साइड क्वेस्ट कशासाठी करतो? पुढच्या अडचणीला तयार व्हायला. जगच माझ्याबरोबर वाढणार असेल तर तयारीला अर्थ काय?

'ऑब्लिव्हियन' (२००६) घ्या. वाढलेल्या लेव्हलला रस्त्यावरचा लुटारू ग्लास आर्मर घालून येतो आणि १०० नाणी मागतो. त्याचं चिलखत विकलं तर कैक पटींनी जास्त मिळतील! आणि क्वाच शहर. लेव्हल ३ ला गेलात तर तिथल्या राक्षसी जगाच्या गेटच्या आत किरकोळ स्कॅम्प. गिल्डची कामं उरकून लेव्हल २० ला गेलात तर डेड्रॉथ आणि झिव्हिलाई हे तगडे राक्षस अंगावर येतात. म्हणजे ज्याने जग फिरून घेतलं त्याला शिक्षा आणि जो सरळ कथेमागे धावला त्याला बक्षीस.

त्यात गुण वाढवण्याची पद्धत. मेजर (सुरुवातीला मुख्य म्हणून निवडलेली) स्किल मिळून दहा वेळा वाढली की लेव्हल वाढते. पण एखाद्या गुणाला (ताकद, चपळाई वगैरे) पूर्ण +५ हवा असेल तर त्या लेव्हलमध्ये त्याच्या हाताखालची स्किल दहा वेळा वाढलेली लागतात. परिणाम काय, तर लोक रोज वापरायची स्किल मुद्दाम मेजरमध्ये ठेवायचे नाहीत आणि कागदावर रेघोट्या मारत खेळायचे. ही रोलप्लेइंगची थट्टा आहे.

कोनाडा
मी स्कायरिमचे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरबदल) करतो, म्हणून थोडी दुरुस्ती. "स्केलिंग" असा एकच सरसकट प्रकार नसतो. 'स्कायरिम'मध्ये (२०११) प्रत्येक गुहेला किंवा किल्ल्याला एन्काउंटर झोन असतो. क्रिएशन किट या मॉड बनवायच्या साधनात त्याला किमान लेव्हल देता येते, कमाल देता येते. तुम्ही पहिल्यांदा आत पाऊल टाकता तेव्हा त्या झोनची लेव्हल ठरते आणि तिथेच अडकते. लेव्हल ८ ला डोकावून पळालात आणि ३० ला परत आलात तर आतली मंडळी जुन्याच हिशेबाची भेटतात. म्हणजे तयारी करून परत येण्याला तिथे अर्थ आहे.

बिघडतं ते बक्षिसात. नाइटिंगेल ब्लेड हातात पडते त्या क्षणीच्या लेव्हलनुसार तिची ताकद ठरते आणि नंतर वाढत नाही. कमी लेव्हलला थीव्ह्ज गिल्डची कथा संपवली तर कमकुवत तलवार कायमची गळ्यात. त्यामुळे लोक आवडलेली कथा अर्ध्यात सोडून लेव्हल वाढवायला जातात.

मुख्य कथेबद्दल एक. व्हाइटरनच्या दरबारी जादूगाराला ड्रॅगनस्टोन नेऊन दिलाच नाही, 'ड्रॅगन रायझिंग' सुरूच केलं नाही, तर आकाशात भटके ड्रॅगन येत नाहीत. जगबुडी तुमची वाट बघत बसते. काहींना हा दोष वाटतो, मला ही सगळ्यात कामाची सोय वाटते: कथेचा नळ खेळणाऱ्याच्या हातात आहे.

खाचखळगे
झोन अडकतो तो पहिल्या भेटीला, पण ठरतो माझ्याच लेव्हलवर ना? म्हणजे मूळ तक्रार तशीच उभी. 'न्यू व्हेगास'मध्ये (२०१०) क्वारी जंक्शनचे डेथक्लॉ (महाकाय हिंस्र प्राणी) तुम्ही लेव्हल २ ला जा नाहीतर २० ला जा, डेथक्लॉच असतात. गुडस्प्रिंग्जहून उत्तरेला सरळ व्हेगास दिसतं, पण वाटेत डेथक्लॉ नाहीतर कॅझाडोर (विषारी राक्षसी गांधीलमाश्या). मग माणूस दक्षिणेला वळतो. प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा वळसा. प्रिमला शेरीफचा प्रश्न, निप्टनला लीजन या टोळीने केलेली कत्तल, नोव्हॅकला नायकाला गोळी घालणाऱ्या बेनीचा माग. मुख्य कथेच्या रस्त्यावरच सगळे गट भेटतात आणि साइड क्वेस्ट वाटेत हाताशी येतात. शत्रू जागच्या जागी ठरलेले असल्यामुळेच हे जमलं.

रानवाटा
आणि ज्याला तो वळसा माहीत नाही तो पाच वेळा कॅझाडोरच्या विषाने मरतो आणि गेम अनइन्स्टॉल करतो. तुम्हाला प्रत्येक गेममध्ये भिंती हव्यात. दुसऱ्याने मोकळेपणाने फिरावं हे बघवत नाही का?

खाचखळगे
वैयक्तिक येऊ नका. मेल्यावर माणूस शिकतो की इथे नंतर यायचं. प्रश्नचिन्हांमागे धावून काय शिकतो? 'विचर ३'मधली स्केलिगेच्या समुद्रातली प्रश्नचिन्हं आठवा. होडी घ्या, सायरन पाडा, बुडी मारा, स्मगलरचं पिंप उघडा, वजन वाढवणारा माल उचला, पुढचं पिंप. दहाव्या पिंपात निराळं काही निघत नाही. याला तुम्ही मोकळेपणा म्हणता?

रानवाटा
पिंपांचं समर्थन मी करणार नाही. ती वगळा. पण 'एल्डन रिंग' (२०२२) घ्या, तुमच्याच मताचा. स्केलिंग नाही, प्रश्नचिन्हं नाहीत. मार्गिट हा बॉस जड गेला तर वीपिंग पेनिन्सुला फिरा, स्मिदिंग स्टोन गोळा करा, शस्त्र +३ करून परत या. स्टॉर्मव्हेलला बगल देऊन लिउर्नियात जायची वाटही आहे. हे तर मी म्हणतोय तेच झालं: आधी फिरा, मग कथा.

खाचखळगे
'एल्डन रिंग'पुरतं मान्य, कारण तिथे फिरण्याचं फळ नेमकं आहे. 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या त्याच्या विस्तारात तर त्यांनी ते आणखी घट्ट केलं. तिथली ताकद मुख्यतः स्कॅड्युट्रीच्या तुकड्यांतून येते, एकूण ५० तुकडे, आशीर्वादाची कमाल लेव्हल २०. तुम्ही मूळ गेममध्ये कितीही चढलेले असा, तिथे जमीन तुडवावीच लागते.

कोनाडा
पण त्याच गेममध्ये एनपीसींच्या (गेमच चालवतो त्या पात्रांच्या) कथांचे हाल बघा. वही नाही, यादी नाही. कथा पुढे सरकून अर्डट्री हा महावृक्ष पेटला की लेंडेल राखेत जातं आणि जुनी राजधानी परत मिळत नाही. तिथलं कुणाचं काम राहिलं असेल तर राहिलं. नकाशावर एनपीसींच्या खुणाही सुरुवातीला नव्हत्या, १.०३ पॅचमध्ये आल्या.

वाटसरू
धागा लेव्हल स्केलिंगवर निघालाच आहे, तर मूळ प्रश्नाकडे मीच आणतो. साइड क्वेस्ट किती असाव्यात हा माझा मुद्दा नव्हताच. त्या मुख्य कथेत परत कशा येतात, हा आहे. 'सायबरपंक २०७७'मध्ये नायक व्ही मरायला टेकलाय, आणि फिक्सरांचे (कामं देणाऱ्या दलालांचे) फोन गाड्या विकायला यायचे. हे वाईट. पण त्याच गेममध्ये पॅनमची कामं 'क्वीन ऑफ द हायवे'पर्यंत केली तर शेवटाला तिच्या अल्डेकाल्डो टोळीची मदत घेता येते, नाहीतर तो रस्ता उघडतच नाही. हे उत्तम. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये वॉकीन्स रेस्टला आग लागलेली दिसली आणि तुम्ही लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतलीत, तर सराई जळून जाते. अख्ख्या गेमला टायमर नाही, फक्त ज्या कामात घाई शोभते त्या कामाला आहे. रानवाटा, यात ऑफिसवाल्याचं काय बिघडलं?

रानवाटा
एखाद्या क्वेस्टला मुदत असेल आणि संवादात ती स्पष्ट सांगितली असेल, तर चालेल. न सांगता असेल तर मी विरोधातच. 'किंगडम कम'मध्ये रोगाने गाव आजारी पडतं आणि तुम्ही रेंगाळलात तर माणसं दगावतात. तिथे निदान परिस्थिती बघून समजतं.

जुनी_फ्लॉपी
एवढं कबूल करायला इतके प्रतिसाद लागले.

रानवाटा
कबूल वगैरे काही नाही. मुख्य कथा निमित्त आहे हे माझं मत कायम आहे.

नवखा_गडी
तो सल्ला विचारणारा मीच. सगळं वाचलं, स्पॉयलरही वाचले. आता 'विचर ३' नेमका कसा खेळू ते कुणी सांगेल का?

वाटसरू
स्पॉयलरबद्दल सॉरी. हे करा. व्हाइट ऑर्चर्ड हा पहिला भाग मात्र पूर्ण संपवा, लहान आहे, हात बसतो. वेलेनला आधी बॅरन. त्याच्या कामात खंड पडतो तेव्हा आसपासचे नोटीसबोर्ड बघा आणि तुमच्या लेव्हलच्या दोन-तीन खालीवर असलेलेच काँट्रॅक्ट (राक्षस मारायची कामं) घ्या. राखाडीच्या नादी लागू नका. नोव्हिग्राडमध्ये डँडेलियनचं काम झालं की 'कार्नल सिन्स' लगेच घ्या. प्रिसिला नुकतीच भेटलेली असते, म्हणून ती क्वेस्ट तेव्हाच लागते. आइल ऑफ मिस्ट्सला निघण्याआधी वेगळा मॅन्युअल सेव्ह ठेवा आणि 'नाऊ ऑर नेव्हर', 'घोस्ट्स ऑफ द पास्ट', 'लॉर्ड ऑफ उंडविक' उरकलेली आहेत ना ते बघा. नंतर ती हातची जातात, आणि केयर मोरहेनच्या लढाईला माणसं कमी पडतात.

रानवाटा
यादी बरोबर आहे. फक्त प्लेस ऑफ पॉवर सोडू नका, ते लेव्हलला बांधलेले नाहीत, दिसले की घ्या. आणि ग्वेंट हा पत्त्यांचा डाव पहिल्या सराईपासून खेळा, पत्ते मिळतील तिथे विकत घ्या. ट्रिसबरोबर मुखवट्यांच्या मेजवानीला जाल तेव्हा तिथे ग्वेंटची एक स्पर्धा असते आणि ती एकदाच होते. कच्ची गड्डी घेऊन बसलात तर हराल.

खाचखळगे
आणि शत्रूंची लेव्हल वाढवण्याचा तो पर्याय पहिल्या वेळेस बंद ठेवा.

रानवाटा
चालू ठेवा.