प्रति: चॉकलेट देऊन मुलं लाचावतात

मुलांनी नीट वागावं म्हणून त्यांना चॉकलेटसारखं बक्षीस द्यावं का, या चर्चेतलं "बक्षिसाची सवय लागली की मूल बक्षिसाशिवाय हलत नाही" हे म्हणणं निम्मं पटलं. चॉकलेटचं तसं होतं खरं. पण म्हणून "आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा" हा त्यावरचा उपाय नव्हे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षाच नव्हे, तर मानसिक छळही शाळेत बंद आहे. वर्गासमोर "ढ" म्हणून हिणवणंही त्यातच आलं.

बक्षीस की शिक्षा या वादात एक गोष्ट राहून गेली: मूल तसं वागायच्या आधी काय घडलं? मी सिडकोतल्या एका शाळेत मदतनीस होते. दुसरीतला एक मुलगा रोज खिचडीच्या सुटीआधी शेजारच्याला चावायचा. आई-बाबांना बोलावून झालं, बाक बदलून झाला. शेवटी बाईंनी साध्या वहीत तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. आठवडाभरात कळलं, घंटा नेमकी त्याच्या खिडकीबाहेर होती आणि त्या दणक्याला तो घाबरायचा. (आम्हाला ती घंटा ऐकूच येईनाशी झाली होती!) मग घंटेचं काम त्यालाच दिलं. आवाज कधी होणार हे आता त्याच्या हातात. चावणं एका दिवसात थांबलं नाही, पण दिवाळीच्या सुटीपर्यंत जवळजवळ बंद झालं. चॉकलेट एकही लागलं नाही. शिपाईमामा मात्र थोडे नाराज होते.