व्हीलचेअर टेनिस: नावं चार-पाचच आली तरी महिला एकेरी वेगळी हवी?

मांडवीकाठ:
पणजीत छोटी स्पर्धा घ्यायची म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. माझं मत: खुला मिश्र ड्रॉ करा. क्वाड गटात, म्हणजे पायांसोबत हातातही दोष असलेल्यांच्या गटात, बायका-पुरुष एकत्रच खेळतात ना? चौघींच्या बाद फेरीत दोघी एका मॅचवर घरी. तेवढ्यासाठी काणकोणहून खुर्ची गाडीत घालून कोण येणार?

दुसरा टप्पा:
बाद पद्धत घेताच कशाला? साखळी ठेवा. चौघी असतील तर सहा मॅच, प्रत्येकीला तीन. पाचजणी असतील तर दहा मॅच, प्रत्येकीला चार. चार गेमचे सेट, ड्यूसला (४०-४० ला) एकच पॉइंट, सेट १-१ झाले तर दहा पॉइंटचा टायब्रेक. दोन कोर्ट, दोन सकाळी, झालं.
आणि क्वाडचे ग्रँड स्लॅम ड्रॉ काढून बघा. मिश्र म्हणतात खरे, नावं जवळपास सगळी पुरुषांचीच.

कॅम्बर२०:
गणित चुकलं. पाचजणींच्या पाच फेऱ्या दोन सकाळींत बसवल्या तर काहींना एकाच सकाळी तीन मॅच. इथे पळायचं कामही खांद्यांनाच. तीन सकाळी धरा, सुरुवात साडेसहाला. उन्हं चढली की चाक ढकलायची रिम चटके देते.
मिश्र ड्रॉला विरोध, पण कारण वेगळं. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्प्यांची मुभा असली, आणि दुसरा टप्पा रेषेबाहेर चालत असला, तरी जोरकस टॉपस्पिन दुसऱ्या टप्प्याला पार मागे जातो. बेसलाइनमागे ६.४० मीटर मोकळी जागा हवी. जुन्या कोर्टांवर कुंपण त्याहून जवळ असतं. मग चेंडू पहिल्याच टप्प्यावर घ्यावा लागतो, तोही बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पुरुषाच्या उंच उसळणाऱ्या किक सर्व्हिससमोर नवी मुलगी तिथेच संपते.

मांडवीकाठ:
पण वेगळा ड्रॉ ठेवून तरी काय? नेदरलँड्सची एस्थर व्हर्गीर २००३ पासून २०१३ ला निवृत्त होईपर्यंत एकेरीत सलग ४७० मॅच जिंकली. याला चुरस म्हणायचं?

दुसरा टप्पा:
अहो, तिथेच थांबलात! २०२१ मध्ये तिच्याच देशाच्या डीडे डी ग्रूटने चारही ग्रँड स्लॅम आणि पॅरालिम्पिक सुवर्ण घेतलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिक फायनलमध्ये तिलाच जपानच्या युई कामिजीने ४-६, ६-३, ६-४ हरवलं. वेगळा ड्रॉ होता म्हणून ही जोडी घडली.

कॅम्बर२०:
आयोजकांनी एक करावं: आदल्या दिवशी पुढच्या छोट्या चाकांतली वाळू आणि गुंतलेले केस काढून घ्या. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत बेअरिंग गंजतं, खुर्ची एका बाजूला ओढते, आणि खेळाडूला वाटतं आपला बॅकहँड बिघडला. पंचांनाही आठवण द्या: सर्व्हिसआधी खुर्ची स्थिर, मग एकच ढकल. पाय टेकून ब्रेक लावला तर पॉइंट गेला.

मांडवीकाठ:
बरं, साखळी मान्य. तिघीच आल्या तर?

दुसरा टप्पा:
दुहेरी साखळी. सहा मॅच, प्रत्येकीला चार. दोघीच आल्या, तर मात्र तुमचा मिश्र ड्रॉ.