मदत हवी आहे: उतारावरचं 'ब्लू रग' ज्युनिपर तपकिरी पडतंय

उतारावरची

मंडळी, बागकामातल्या जाणकारांनी जरा इकडे लक्ष द्या.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. घरासमोर रस्त्याकडे जाणारा 25 फूट लांब, 10 फूट रुंद उतार आहे. दिवसभर ऊन. तिथलं गवत कापताना नवरा दोनदा मशिनसकट घसरला, तेव्हा ठरवलं की गवत काढून जमिनीलगत पसरणारं काहीतरी लावायचं. 2022 च्या मेमध्ये 'ब्लू रग' ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या 24 कुंड्या आणल्या आणि तीन-तीन फुटांवर लावल्या. पहिल्या हिवाळ्यात सगळं जांभळट झालं तेव्हा घाबरले होते, पण ते थंडीतलं नेहमीचंच असतं असं कळलं. त्यानंतर निळसर हिरवा गालिचा इतका छान पसरला की येणारे-जाणारे थांबून विचारायचे.

यंदा मात्र मेच्या अखेरीपासून खालच्या बाजूची सात झाडं बिघडलीत. शेंडे आधी पिवळट, मग तांबूस-तपकिरी, आता काही राखाडी. माती लाल चिकणमाती. स्प्रिंकलर लॉनसोबतच रोज संध्याकाळी वीस मिनिटं चालतो. दर वसंतात मल्च (मातीवरचं आच्छादन) घालते. एप्रिलमध्ये लॉनचं उरलेलं खत यांनाही घातलं. (आता लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.)

नवऱ्याच्या मते हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा परिणाम. शेजारीण म्हणते लाल कोळी, म्हणजे पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड. माझा संशय तिच्या कुत्र्यावर आहे. तपकिरी भाग बुडापासून कापला तर पुन्हा फुटेल का? फवारणी करू का?

कुंडीतलं_जंगल

कोळी आहे का ते दोन मिनिटांत कळेल. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी चांगली झटका. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर कोळी. अर्थात ज्युनिपरवरचा कोळी जास्त करून थंड दिवसांत, म्हणजे वसंतात आणि शरदात जोर धरतो, त्यामुळे जूनमध्ये सापडला नाही तरी एप्रिलमध्ये नव्हताच असं नाही. पण त्याने पाला आधी फिकट, ठिपकेदार दिसतो. तुमचं वर्णन वेगळं वाटतंय.

मिशिगनचा_माळी

ताई, कुत्र्याला सोडून द्या.

मिठाचं म्हणाल तर तो दोष हिवाळा संपताच दिसला असता. शिवाय हा वाण मुळात 1914 मध्ये मेन राज्यातल्या व्हिनलहेवन बेटावर सापडलेला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेला. याला खडकाळ, निचऱ्याची जमीन, ऊन आणि थोडं दुर्लक्ष लागतं. तुम्ही नेमकं उलट केलंत, लाड केलेत.

मला टिप ब्लाइट, म्हणजे शेंडे करपण्याचा रोग वाटतोय, फोमॉप्सिस बुरशीचा. ती कोवळ्या शेंड्यांवरच बसते, जुना पाला सहसा वाचतो. नत्राच्या खताने कोवळी फूट भरपूर आली, संध्याकाळच्या पाण्याने पाला रात्रभर ओला राहिला, आणि दाटीमुळे वारा खेळला नाही. कबातिना नावाची दुसरी बुरशी असते, पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी फूट यायच्या आधी, गेल्या वर्षीच्या काड्यांवर दिसते. तुमचं वेळापत्रक पहिलीशी जुळतं. मेलेला शेंडा आणि जिवंत काडी मिळतात तिथे भिंगातून बघा. राखाडी कडं आणि त्यावर काळे टिंब दिसले तर ती फोमॉप्सिसची खूण.

आणि खालच्या बाजूचं एखादं झाड उकरून मुळं बघा. उताराचं पाणी तिथेच येऊन साचतं.

उतारावरची

कागदावर काहीच चाललं नाही. भिंग मुलाच्या सायन्स किटमधलं घेतलं, राखाडी कडं आणि काळे टिंब स्पष्ट दिसले! सातांपैकी पाचांवर. उरलेली दोन मात्र शेंड्यापासून नाही, अख्खीच फिकी पडलीत. त्यातलं एक उकरलं तर मल्च पाच इंच, खोडाला चिकटलेलं, खाली माती चिखलासारखी आणि मुळं तपकिरी, बोटात साल निघून येणारी.

मिशिगनचा_माळी

म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, मूळ कारण पाणीच. मूळकूज झालेली दोन्ही काढून टाका, त्या खड्ड्यांत लगेच दुसरं ज्युनिपर लावू नका.

बाकीच्या पाचांचे रोगट शेंडे कोरड्या दिवशी छाटा, दर वेळी कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा, काड्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. बुडापासून मात्र कापू नका. ज्युनिपरच्या जुन्या, पाला नसलेल्या लाकडाला फूट येत नाही. तिथे टक्कल पडलं की ते तसंच राहतं, शेजारच्या फांद्या पसरून झाकतील तेव्हाच.

फवारणीने मेलेलं जिवंत होत नाही, पुढची कोवळी फूट वाचते. करायचीच असेल तर पुढच्या वसंतात, आणि लेबलवर ज्युनिपर व टिप ब्लाइट दोन्ही लिहिलेलं औषध बघून. खात्री हवी असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो.

स्प्रिंकलरचं त्या बाजूचं तोंड आजच बंद करा. मल्च दोन इंचांवर आणा, खोडापासून लांब. हे झाड सहा ते आठ फूट पसरतं, सहा इंचांच्या वर जात नाही. तुमच्या उताराला नऊ-दहा पुरली असती.

डेक्कनकर

मध्येच विचारतो, पुण्यात टेरेसवर चालेल का?

कुंडीतलं_जंगल

पावसाळ्यात चार महिने पाय ओले राहणार. नका त्याच्या वाटेला जाऊ.

उतारावरची

स्प्रिंकलर बंद केला. शनिवारी कोरडं आहे, छाटणी तेव्हा. दाटी कमी करायला चांगल्या झाडांतली एक आड एक काढून मागच्या अंगणात लावू का?

मिशिगनचा_माळी

या उन्हात नको. सप्टेंबरमध्ये, तेही बुरशी न लागलेली तीन-चारच काढून बघा. तीन वर्षांची मुळं मातीच्या गोळ्यासकट निघत नाहीत, निम्मी धरली तरी खूप.